एका कढईतल्या दोन गाठी

समोरच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला चोर ठरवून तुम्ही कधी टाळ्या घेतल्यात का?

मी घेतल्यात. अडतीस सेकंदांची चित्रफीत आहे. दोन लाखांवर लोकांनी ती पाहिली आणि खाली लिहिलं, "शाब्बास एजे!" एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्या तेमिर-काझ्यक वस्तीत मला सगळे तेच म्हणतात, माझ्याहून वयाने मोठे आहेत तेसुद्धा. त्याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू?

पण लिहायला बसलेय ते शेरगाझी आगायांविषयी. मास्तरांना आमच्याकडे आगाय म्हणतात. वस्तीपासून दोन थांब्यांवर, बिश्केकच्या रस्त्याला लागून एक तांत्रिक विद्यालय आहे, तिथे ते वीज शिकवत. शिकवत होते. हा 'होते' माझ्यामुळे आहे.

तरुणपणी ते मीटर बनवणाऱ्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात कामगारांनी जे सापडेल ते उचललं. कोणी तांब्याची तार नेली, कोणी नळ, कोणी दारंखिडक्या चौकटीसकट. आगायांनी तपासणीच्या खोलीतला हिरवा फळा काढला आणि डोक्यावर घेऊन घरापर्यंत चालत नेला. वाटेत लोक हसत होते म्हणे. बायको दारातच म्हणाली, "हा उकडून खायचा की तळून?" तो फळा त्यांनी पडवीत टांगला. गल्लीतली पोरं येताजाता त्याच्यावर गणितं सोडवून जायची. पुढे विद्यालयात नोकरी लागली आणि तिथेच केस पांढरे झाले.

आमची ओळख आगीमुळे झाली. आमच्या वस्तीला तेव्हा अधिकृत वीज नव्हती. जो तो खांबावरून तार ओढायचा. एका दुपारी रायाबुबूच्या छपराने पेट घेतला. माणसं वाचली, छप्पर गेलं. दुसऱ्या दिवशी पांढरी फेल्टची टोपी घातलेला एक उंच, वाकलेला माणूस बसमधून उतरला आणि कोणाशी न बोलता जळक्या तारेखाली जाऊन उभा राहिला. मला वाटलं, वीज कंपनीचा. मी कमरेवर हात ठेवून गेले.

"हा जोड कोणी दिला?" त्यांनी विचारलं.

"मी. बोला, काय करता?"

त्यांनी तार बोटांत फिरवून पाहिली. "जोड उत्तम आहे. तार बारीक आहे. शनिवारी दोन वाजता विद्यालयात ये. एकटी येऊ नकोस, चारचौघींना घेऊन ये."

आठवीत शाळा सोडलेल्या बाईला असं आजवर कोणी बोलावलं नव्हतं. सरकारी भाषा वाचायला मी शिकले ती कचेऱ्यांच्या भिंतींवरची पत्रकं वाचून, आणि कायदा शिकले तो बाहेर हाकलल्यावर परत आत शिरून. वीज कंपनीचा साहेब मला तोंडावर म्हणाला होता, "बाई, व्होल्ट म्हणजे काय ते कळतं का तुला?" त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी गेले. आम्ही चौदा जणी गेलो.

आगायांचा वर्ग कसा असायचा सांगते. आधी विचारायचे, "उपाशी कोण आलंय?" मग खणातून सफरचंद काढून सुरीने फोडी करायचे. खडूला चॉकलेटचा कागद गुंडाळायचे, बोटं कोरडी पडू नयेत म्हणून. आवाज इतका हळू की बाजारात ओरडून विकणाऱ्या आमच्या बायका तिथे कुजबुजायला शिकल्या. आणि मुद्दा कितीही अवघड असो, तो ते आमच्या अंगणातून काढायचे. मी एकदा म्हटलं, "आगाय, आम्हाला तार जोडायला शिकवा, ही गणितं कशाला?" ते म्हणाले, "जोडायला तुला येतंच. रायाबुबूला विचार, काय येत नव्हतं ते." मला गप्प बसवणारी माणसं मोजकीच, आणि आगाय त्यातले एक. हे मनात कुठेतरी सलत असणार.

आता कोळशाची गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे घरं कढईवर मोजतात. ज्या मोठ्या कढईत शिजतं, तिच्यातून जे जेवतात ते एक घर. माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं, बुरुलचाचं, अंगण एक आहे, दारं दोन. मधे भिंतीत एक दार आणि एक पायरी, तिचं घर जरा उंचावर आहे. वस्तीप्रमुखाने हिवाळ्याच्या कोळशाच्या यादीत आम्हाला 'एक कढई' लिहिलं. दोन संसार, नऊ माणसं, आणि कोळसा एकाच घराचा! अशी सतरा घरं निघाली. मग आम्ही सतरा जणी आपापल्या कढया डोक्यावर घेऊन कचेरीपुढे बसलो आणि तीन दिवस पळ्यांनी त्या बडवल्या. चौथ्या दिवशी यादी बदलली. तेव्हापासून मी 'कढईवाली एजे'. दोघांना एक म्हणून कोणी मोजलं की माझं डोकं तडकतं. तो माझा धंदाच झाला म्हणा ना.

मार्चमध्ये आगायांच्या वर्गाचा खुला धडा ठरला. खुल्या धड्याला बाहेरचे पाहुणे मागच्या बाकावर बसतात, मांडीवर कागद घेऊन, आणि वर्ग कसा चाललाय ते लिहून नेतात. त्या कागदावर सगळं होतं. पाहुण्यांनी मान डोलावली तर आमच्या शनिवारच्या वर्गाला प्रमाणपत्र द्यायचा अधिकार मिळणार होता. नाहीतर वर्ग बंद. आगाय तीन वर्षं त्यासाठी कचेऱ्यांचे जिने चढत होते.

मी बुरुलचाला म्हटलं, "फोन लाव. आपल्या बायका शिकताना जगाला दिसू देत."

त्या दिवशीचा फळा मला रेघ न रेघ आठवतो. खाली आडवी रेघ, ती शून्य. डावीकडे बारा व्होल्टची बॅटरी. तिच्यापासून एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा तुकडा, आणि पुढे एक ठिपका, अ. उजवीकडे दुसरा ठिपका, ब. अ पासून एक रेझिस्टर खालच्या रेघेला, ब पासून एक. तिन्ही रेझिस्टर सारखे, म्हणजे शेवटी त्यांनी भागायची कटकट नाही. आणि अ आणि ब यांच्या मधे रेझिस्टर नाही, काही नाही, नुसती सहा व्होल्टची एक बॅटरी, अधिक टोक ब कडे.

ठिपक्यांना आगाय गाठी म्हणायचे. चार शनिवार त्यांनी एकच गोष्ट घोटून घेतली होती. प्रत्येक गाठीपाशी जेवढी वीज येते तेवढीच जाते, म्हणून प्रत्येक गाठीचं आपलं एक समीकरण. दोन गाठींचे व्होल्ट काढायचे तर समीकरणं दोन.

"अ कडून ब कडे किती वीज जाते?" आगायांनी विचारलं.

फोन तयार धरूनच बुरुलचा म्हणाली, "दोन्हींतला फरक भागिले... भागिले कशाने, आगाय? मधे रेझिस्टरच नाही."

"मग भाग शून्याने."

"शून्याने कसं भागू?"

"नको भागूस. शून्याने भागणारीला मी सफरचंद देत नाही."

सगळ्या हसल्या. मागचा एक पाहुणासुद्धा हसला. आगाय खुशीत होते. ते आमच्याकडे वळले. "सायरागुल आणि बुरुलचाचं अंगण बघा. मधल्या दारातून मीठ जातं, विरजण येतं, पोरं जातात, चुगल्या येतात. ते मोजणारा अजून जन्माला आलेला नाही. मग मोजायचं कशाला? आपण फाटकाशी उभं राहायचं. दोघींचं मिळून बाहेरून आत काय आलं, बाहेर काय गेलं, तेवढंच बघायचं."

आणि लाल खडूने त्यांनी अ, ब आणि मधली बॅटरी यांच्याभोवती एकच मोठं कडं काढलं. "पुस्तकात याला सुपरनोड म्हणतात. आपण म्हणू, यांची कढई एक."

सतरा जणींतल्या नऊ जणी त्या वर्गात बसल्या होत्या. त्यांच्या देखत, पाहुण्यांच्या देखत, माझंच नाव घेऊन, यांची कढई एक!

कड्याच्या बाजूला त्यांनी लिहिलं: १२ − अ = अ + ब.

मी उभी राहिले.

"थांबा आगाय. गाठी किती?"

"दोन."

"समीकरणं किती?"

"आत्ता एक. बस, सायरागुल, दुसरं..."

"एक! ऐकलंत, पाहुणे?" मी फोनकडे तोंड केलं. "दोन घरं, कढई एक! कोळशाच्या यादीत तेच, आणि आता फळ्यावरसुद्धा तेच! चार शनिवार शिकवलं, प्रत्येक गाठीचं आपलं समीकरण. आज साहेब लोक मागे बसले तर दोघांचं एक केलं! ब चा वाटा कोणी खाल्ला, आगाय? बायकांना गणित येत नाही असं वाटलं काय?"

आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना गणित कळलं होतं असं नाही, पण माझा सूर त्यांच्या ओळखीचा होता. तो सूर लागला की त्या टाळ्या वाजवतात. पाहुण्यांतल्या एकाने कागद मिटला. आगाय माझ्याकडे एकदा बघून फळ्याकडे वळले आणि काहीतरी लिहीत राहिले. मी फळ्याकडे पाहिलंच नाही. मी फोनकडे बघत होते.

बुरुलचाने लाल कड्यापासून पुढचं टिपलं होतं; बसमध्ये बसल्या बसल्या मी ती चित्रफीत टाळ्यांपाशी कापली आणि टाकली.

आठवड्यात त्यांचं नाव 'कढईचोर' पडलं. कोणीतरी त्यांच्या टोपीवर पळी चिकटवलेलं चित्र केलं. भाजीवालीने त्यांना विचारलं, "दोन जुड्यांची एक मोजू का, आगाय?" विद्यालयाच्या प्राचार्य बाई त्यांना म्हणाल्या, "थोडी विश्रांती घ्या." दारावर कागद लागला, लोकांच्या मनात शंका आल्यामुळे शनिवारचा वर्ग बंद. आगायांनी खिळ्यावरची टोपी काढली आणि घरी गेले. ना तक्रार, ना खुलासा. मी म्हटलं, बघा, तोंड नाही दाखवायला.

तेवढ्यावर थांबले असते तर आजही मी ताठ मानेने फिरले असते. पण मला आगायांविरुद्ध मंत्रालयात अर्ज द्यायचा होता, आणि पुराव्याशिवाय मी अर्ज देत नाही. कोळसासुद्धा मी स्वतः तोलून मग बोलले होते. म्हणून बाजारात रेडिओच्या टपरीवर गेले आणि शंभर ओहमचे तीन रेझिस्टर मागितले.

टपरीवाला म्हणाला, "काय एजे, आता यांचा मोर्चा का?"

"तुझाच काढीन. गुपचूप दे."

दिराच्या गाडीची बॅटरी मी स्वयंपाकघरात आणली. चार सेल ओळीत बांधून सहा व्होल्ट केले. मेणकापडावर सगळं फळ्यावर होतं तसं मांडलं आणि आधी कागद घेतला. म्हटलं, मी दोन समीकरणं लिहून दाखवते, प्रत्येक गाठीला तिची.

अ ची ओळ सुरू केली. आत येतं बारा वजा अ. बाहेर जातं अ, आणि शिवाय बॅटरीतून ब कडे जातं ते. ते किती? पेन्सिल थांबली. मग ब ची ओळ. आत येतं ते तेच, बॅटरीतून आलेलं. बाहेर जातं ब. पुन्हा तेच न मोजता येणारं! एका ओळीत जाणारं, दुसरीत येणारं. मग दोन्ही ओळींची बेरीज केली. मधलं ते गळून पडलं आणि कागदावर उरलं: १२ − अ = अ + ब.

माझ्याच अक्षरात, आगायांची ओळ.

ब चा वाटा कोणी खाल्ला नव्हता. तो त्या ओळीतच होता, शेवटचं अक्षर. मी तो वाचला नव्हता.

तरीही मी म्हटलं, ओळ एकच आहे, अज्ञात दोन आहेत, दुसरं समीकरण कुठाय? मी मधल्या दाराची पायरी चढून बुरुलचाकडे गेले. "तुझ्याकडे पूर्ण चित्रफीत आहे का गं?"

ती नूडल्सची कणीक लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "माझ्याकडे पूर्णच असते, एजे. कापलेली तुमच्याकडे असते."

मी बघितली. चव्वेचाळिसाव्या सेकंदाला, माझ्या मागे, टाळ्यांच्या आवाजात, आगाय लिहिताहेत: ब = अ + ६. आणि त्या हळू आवाजात म्हणताहेत, "आणि ही त्यांच्या मधली पायरी."

पायरी! जी मी आत्ताच चढून आले होते. सहा व्होल्टची बॅटरी म्हणजे ब हा अ पेक्षा सहाने उंच, बस्स. हेच ते दुसरं समीकरण. मी त्यांना दहा सेकंद दिले असते तर ते माझ्यासमोर आलं असतं. पुढे फळ्यावर उत्तरही होतं: अ दोन, ब आठ. ते लिहून त्यांनी खाली नीट रेघ मारली होती, परीक्षेत मारतात तशी. मागचे पाहुणे तेव्हा उठत होते.

परत येऊन मीटर लावला. अ ला दोन पूर्णांक एक, ब ला आठ पूर्णांक तीन. मी मेणकापडावर डोकं टेकलं. रडले नाही. रडले असते तर जरा हलकं वाटलं असतं, आणि तेवढी माझी लायकी नव्हती.

त्यांच्याकडे जायला मला नऊ दिवस लागले. तीन दिवस कचेरीपुढे बसणारी मी, एका म्हाताऱ्याच्या दारापर्यंत जायला नऊ दिवस! दोन नान फडक्यात बांधून गेले. आगाय पडवीत शेजारणीची किटली दुरुस्त करत होते. मागे तो कारखान्यातला हिरवा फळा, कोरा. मला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"उपाशी आलीस का?" त्यांनी विचारलं.

यापेक्षा त्यांनी किटली फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी दिलेली सफरचंदाची फोड माझ्या हातात तशीच राहिली. मी म्हटलं, "आगाय, अ दोन, ब आठ."

"मोजलंस?"

"दोन पूर्णांक एक. आठ पूर्णांक तीन."

"बॅटऱ्या नव्या असतील."

"हो."

त्यांनी किटलीचा स्क्रू घट्ट केला. मी म्हटलं, "चित्रफीत मी कापली. पुढचं न बघता कापली."

"माहीत आहे. ओळ मी लिहिली होती ना."

"मग बोलला का नाहीत? एक शब्द जरी..."

"कोणाशी बोलू? तू फोनशी बोलत होतीस." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. "सायरागुल, तू उभी राहिलीस त्याचा मला राग नाही. प्रत्येक गाठीसाठी उभं राहा, हे मीच शिकवलं. राग आहे तो तू परत खाली बसली नाहीस याचा. शिकणाऱ्याला उठता आलं पाहिजे आणि बसताही आलं पाहिजे."

मी माफ करा म्हटलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "त्या बायकांची परीक्षा राहिली," एवढंच म्हणाले. मी निघाले तेव्हा नान त्यांनी ठेवून घेतले. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावत नाही.

घरी येऊन पूर्ण चित्रफीत टाकली, वर लिहिलं, मी चुकले. तीनशे बारा लोकांनी पाहिली. खाली आलं, "कितीला विकली गेलीस, एजे?" रायाबुबूला हात जोडले, म्हटलं, चल, प्राचार्य बाईंना सांगू. ती म्हणाली, "चोर आहे असं तूच सांगितलंस ना? आम्ही तुझं ऐकलं. आता परत तुझंच ऐकायचं?" प्राचार्य बाईंनी शेवटचं सांगितलं, "लोकांची शंका गेली की कागद काढते." शंका मी एका दुपारी पेरली, आणि आता ती माझ्या हाताने उपटत नाहीये. वर्गातल्या बाकीच्या बारा जणी पुन्हा अंदाजाने तारा जोडताहेत. त्या बारीक तारा मी जाऊन बघून येते, आणि दर वेळी छपरांकडे बघते.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या फोनमध्ये ती अडतीस सेकंदांची चित्रफीत असेल तर पुसू नका. ज्या ज्या माणसाला ती पाठवलीत, त्याच माणसाला पूर्ण चित्रफीत पाठवा, एक मिनिट बारा सेकंदांची. आणि खाली माझं नाव घालून लिहा: अ दोन, ब आठ, सायरागुल चुकली.